नकाशात ४,००० चौरस किलोमीटर अधिवास, पक्षी मात्र साठ-सत्तर. पॉप्युलेशन मॉडेल कसं लावू?

चंडोल_बोलतेय

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा विचारतेय. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सॉरी.

पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. विषय म्हणजे धोक्यात आलेला, गवताळ माळावरचा एक मोठा पक्षी. जमिनीवर घरटं, वर्षाला एकच अंडं, मादी तिसऱ्या वर्षाच्या आसपास विणीला येते. नाव आणि जागा मुद्दाम लिहीत नाहीये, का ते इथल्या लोकांना सांगायला नको.

आतापर्यंत केलं ते असं. जुन्या नोंदी, आमच्या सर्व्हेच्या नोंदी आणि लोकांनी ईबर्डवर (पक्षी दिसल्याच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकलेल्या नोंदी एकत्र केल्या, डुप्लिकेट काढले, शंका असलेल्या काढल्या, उरल्या १४६. त्या मॅक्सेंटमध्ये (नोंदींवरून योग्य अधिवासाचा नकाशा काढणारं सॉफ्टवेअर) घातल्या, सोबत बायोक्लिमचे (तापमान-पावसाचे) १९ च्या १९ लेयर आणि उंची, उतार, लँडकव्हर (जमिनीवर शेत, गवत की जंगल ते). एयूसी (मॉडेलला योग्य जागा किती ओळखता येतात याचे गुण, १ पैकी) आला ०.९३. गाइड खूश, मीपण खूश, नकाशा प्रिंट करून भिंतीवर लावला. मग क्षेत्रफळ काढलं तर योग्य अधिवास निघाला साधारण ४,००० चौरस किलोमीटर. आणि दोन हंगाम उन्हातान्हात फिरून आम्ही मोजलेले पक्षी आहेत साठ-सत्तर.

गाइड म्हणतात जिथे पक्षी दिसले तिथली घनता काढ, तिला ४,००० ने गुण, ती तुझी सुरुवातीची संख्या, ती व्हॉर्टेक्समध्ये (पक्ष्यांची संख्या पुढे कशी जाईल ते पुन्हा पुन्हा चालवून बघायचं सॉफ्टवेअर) टाक, शंभर वर्षांत नामशेष व्हायची शक्यता किती ते बघ, झालं चॅप्टर. मी गुणून बघितलं तर आठशे पक्षी येतात. उरलेले सातशे कुठे लपलेत ते मला तरी माहीत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. व्हॉर्टेक्सला दरवर्षी किती प्रौढ पक्षी मरतात तो आकडा लागतो आणि तो माझ्याकडे नाहीच. जवळच्या एका जातीचा उसना घेतला. वर्षाकाठी ९२ टक्के प्रौढ जगतात असं टाकलं तर शंभर वर्षांनी पक्षी मजेत, ८५ टाकलं तर जवळजवळ प्रत्येक रनमध्ये सगळे संपले. म्हणजे मी जो आकडा टाइप करीन तेच उत्तर. हे सायन्स म्हणायचं की पोपटाकडून चिठ्ठी काढून घ्यायची? उद्या वनखात्यापुढे उभी राहून काय सांगू?

---

पिक्सेलपंत

चंडोल, मी फक्त नकाशाबद्दल बोलतो, पुढचं गणित घुबडरावांनी बघावं.

०.९३ ऐकून मला आनंद नाही होत, पहिली शंका येते की बॅकग्राउंड पॉइंट (नोंदींशी तुलना करायला घेतलेल्या जागा) कुठून उचलले. डोंगर, दाट जंगल, धरणाचं पाणी, शहर असा सगळा प्रदेश धरून पॉइंट टाकले असतील तर मॉडेलची परीक्षा एवढीच झाली की बाबा हे गवत आणि हा तलाव, सांग पक्षी कुठे असेल. यात कोणीही पास होतं. पक्षी खरंच पोचू शकेल तेवढाच भाग घ्या आणि त्यातूनच पॉइंट टाका, एयूसी खाली येईल, येऊ द्या, आत्ताचा आकडा फुगलेला आहे.

आता ईबर्ड. मी स्वतः तिथे नोंदी टाकतो त्यामुळे शिव्या देत नाहीये, पण लोक गाडीतून उतरून जिथे उभे राहतात तिथेच पक्षी दिसतो ना. त्यातून मॉडेल शिकतं काय, तर या पक्ष्याला डांबरी रस्ता फार आवडतो. यावर जुना आणि सोपा उपाय म्हणजे त्याच भागात त्याच लोकांनी टाकलेल्या इतर माळपक्ष्यांच्या नोंदी बॅकग्राउंड म्हणून घ्यायच्या, म्हणजे लोक कुठे जातात हा भाग दोन्हीकडे सारखा होतो आणि वजा होतो. शिवाय एका जागच्या दहा नोंदी असतील तर एकच ठेवा. १४६ चे साठ झाले तरी घाबरू नका, साठ खऱ्या नोंदी चालतील.

टेस्टिंगसाठी नोंदी रँडम वाटल्या असतील तर तेही बदला. एक नोंद ट्रेनिंगमध्ये आणि तिच्याच बांधावरची दुसरी टेस्टमध्ये, ही तर उत्तरपत्रिका शेजारी ठेवून दिलेली परीक्षा झाली. आख्खा प्रदेश मोठ्या मोठ्या चौकोनांत पाडा, एक चौकोन पूर्ण बाजूला ठेवा आणि बाकीच्यावरून त्याचा अंदाज करायला लावा. आणि ते १९ लेयर... ते एकमेकांची सावली असतात हो, आणि वेदर स्टेशनच्या नोंदींमधल्या मोकळ्या जागा भरून बनवलेले असतात. छोट्या प्रदेशात हवामान असं कितीसं बदलतं? चारपाच ठेवा, तेही का ठेवले ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

माझ्या मते तुमचे ४,००० फुगले ते लँडकव्हरमुळे. सॅटेलाइटला गवत आणि पडीक टाकलेलं शेत एकाच तारखेच्या फोटोत सारखंच दिसतं. एका तारखेवर जाऊच नका. सेंटिनेल-२ सॅटेलाइट दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो, १० मीटरचा पिक्सेल, फुकट. वर्षभराची एनडीव्हीआयची (फोटोतल्या हिरवेपणाच्या मापाची) रेघ काढा. शेताची रेघ पिकासोबत चढते आणि कापणीला धपकन पडते, गवताची हळूहळू वाळत उतरते. हे एवढं केलंत तरी नकाशा पुष्कळ आकसेल, मी पैज लावतो.

आणि आकसल्यावरही जे उरेल ते "इथे राहू शकेल" एवढंच, "इथे राहतो" नाही. अमेरिकेतल्या एका सुतारपक्ष्याची गोष्ट माहिती असेल, रेड-कोकेडेड वुडपेकर. हा जिवंत, म्हाताऱ्या पाइन झाडातच ढोली कोरतो आणि एक ढोली पुरी करायला वर्षं लागतात. १९८९ मध्ये ह्यूगो वादळ आलं आणि साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन जंगलातली बहुतेक ढोलीची झाडं आडवी झाली. त्यानंतर वरून बघितलं तर खाली पाइनची बरीच तरुण झाडं उभी होती, म्हणजे नकाशात जंगल होतंच, पण झोपायला ढोली नाही. मग लोकांनी झाडांत तयार लाकडी खोकी बसवली आणि पक्षी त्यात राहायला आले. ढोली हा लेयर कुठल्या सॅटेलाइटमध्ये मिळत नाही. तुमच्या पक्ष्याची "ढोली" काय आहे ते शोधा, गवताची उंची असेल, नाच करायची मोकळी जागा असेल, कुत्री नसणं असेल.

---

टिटवी

फॉलो करतेय. एक बावळट प्रश्न, व्हॉर्टेक्स मॅकवर चालतं का?

---

घुबडराव

टिटवी, ते विंडोजचं आहे. मॅक असेल तर आर या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतः लिही, शंभर ओळींच्या वर जाणार नाही आणि आत काय चाललंय तेही कळेल.

चंडोल, आता तुझ्या प्रश्नाकडे. घनता गुणिले क्षेत्रफळ करू नकोस. घनता तू जिथे पक्षी सापडले तिथून काढलीस, म्हणजे सगळ्यात चांगल्या जागांची, आणि ती जिथे कधी पाऊल टाकलं नाही तिथे लावलीस. सुरुवातीची संख्या म्हणून साठ-सत्तरच धर, फार तर शंभर. खरे पक्षी जास्त निघाले तर कोणाचं नुकसान नाही, उलटं झालं तर आहे.

हो पण रिकाम्या जागा खरंच रिकाम्या आहेत का हे तपासायला हवं. समज एका फेरीत पक्षी असूनही दिसायची शक्यता ३० टक्के आहे. तीन फेऱ्या मारल्यास तरी ३४ टक्के वेळा तू "इथे नाही" असं लिहून परत येशील आणि तो तिथेच गवतात बसलेला असेल. आठ फेऱ्यांनंतर ही चूक ६ टक्क्यांच्या खाली जाते. म्हणून ऑक्युपन्सी मॉडेल. मॅकेन्झी आणि मंडळींनी २००२ मध्ये मांडलेलं, त्यात असणं आणि दिसणं वेगळं काढतात. नकाशातल्या हिरव्या भागातून चाळीस-पन्नास चौकोन चिठ्ठ्या टाकून निवड, आवडते निवडू नकोस, प्रत्येकात पाचसहा फेऱ्या. नकाशाची खरी परीक्षा तीच.

आता तो पोपटवाला मुद्दा. कागदावर करू, सॉफ्टवेअर बंद ठेव.

१०० माद्या धर. वर्षाला प्रत्येकी एक अंडं, त्यातून ४० पिल्लं उडण्याएवढी झाली. निम्म्या माद्या, म्हणजे २०. त्यातल्या निम्म्या विणीच्या वयापर्यंत टिकल्या, म्हणजे १०. आणि दरवर्षी १०० मधल्या १० प्रौढ माद्या मेल्या. दहा गेल्या दहा आल्या, संख्या जागच्या जागी. आता विजेची तार म्हण, विष म्हण, शिकार म्हण, आणखी ५ माद्या मरायला लागल्या. १५ गेल्या १० आल्या, वर्षाला ५ टक्के घट. वीस वर्षांत १०० च्या ३६. पिल्लं मोठी व्हायला लागणारा काळ मी सोडून दिलाय, तो धरलास तर घसरण जराशी हळू दिसेल, दिशा तीच.

ही तूट घरट्यांमधून भरून काढायची झाली तर दहाच्या जागी पंधरा नव्या माद्या हव्यात, म्हणजे चाळीसच्या जागी साठ पिल्लं उडायला हवीत. प्रौढांमध्ये ५ टक्क्यांचा खड्डा आणि तो बुजवायला घरट्यांचं यश ४० वरून ६० वर. जमिनीवरच्या घरट्यांचं यश असं दीडपट करून दाखवलेला माणूस मला भेटव, मी त्याच्या पाया पडतो.

म्हणजे तू ९२ चे ८५ केल्यावर उत्तर उलटं झालं ही मॉडेलची खोट नाही गं, मॉडेल तुला ओरडून सांगतंय की या पक्ष्याचं सगळं गणित मोठ्या पक्ष्यांच्या जगण्यावर टांगलेलं आहे. रसेल लँडे यांनी १९८८ मध्ये उत्तरेकडच्या स्पॉटेड घुबडाचं मॉडेल केलं तेव्हा हेच निघालं होतं, वाढीचा दर सगळ्यात जास्त हलतो तो प्रौढांच्या जगण्याने. हळू वाढणाऱ्या, जास्त जगणाऱ्या पक्ष्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसतं. चिमण्यासारख्या झटपट संपणाऱ्या पक्ष्यांमध्ये अंडी-पिल्लांचं वजन जास्त.

---

पायपीट

मी पदवीवाला माणूस नाही, पंधरा-सोळा वर्षं सर्व्हेवाल्यांबरोबर चालतोय, तेव्हा मला थोडं बोलू द्या. राग मानू नका.

एका प्रोजेक्टात असाच रंगीत नकाशा घेऊन आम्हाला पाठवलं होतं, इथे जा म्हणाले, सर्वात गडद हिरवा ठिपका आहे, पक्षी नक्की. पहाटे चारला निघालो, पोचलो तर काय, गवत होतं हो, अगदी गुडघ्याएवढं सुंदर गवत, पण चारी बाजूंनी तारेचं कुंपण आणि आत दहा-बारा भटकी कुत्री. असल्या ठिकाणी जमिनीवरचं अंडं एक रात्र टिकत नाही. नकाशा करणाऱ्या साहेबांना फोन केला तर म्हणतात डेटा दोन वर्षांपूर्वीचा आहे. आम्ही हसलो आणि चहा न पिताच परत फिरलो कारण पाणीसुद्धा नव्हतं.

उलट एक जागा नकाशात पांढरी, म्हणजे बेकार, आणि तिथे सलग तीन हंगाम मादी अंडं घालत होती. दगडगोट्यांची उघडी जागा, गवत टाचेएवढं. तिला लांबवरचं दिसायला पाहिजे असतं, गुडघ्याएवढ्या गवतात कोल्हा जवळ येईपर्यंत कळत नाही. हे कुठल्या लेयरमध्ये आहे सांगा.

मला तर वाटतं पक्षी वाचवायला गणित लागत नाही, पहारा लागतो. जिथे घरटं तिथे माणूस बसवा, कुत्री आवरा, हंगामात गुरं दुसरीकडे वळवा. जे पैसे कॉम्प्युटरवर जातात त्यात किती माणसं बसतील.

---

घुबडराव

पायपीट, कुंपणाचं आणि पांढऱ्या जागेचं १०० टक्के मान्य, ते पंतांच्या लेयरमध्ये घालायलाच पाहिजे, आणि तुमच्यासारख्यांना विचारल्याशिवाय ते कोणाला सुचणार नाही. पण "गणित लागत नाही" यावर मी भांडणार.

गिधाडं बघा. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के कमी झाली. झाडं होती, कडे होते, मेलेली गुरं होती. तेव्हा अधिवासाचा नकाशा केला असता तर सगळा देश हिरवागार निघाला असता. प्रत्येक घरट्याखाली पहारेकरी बसवला असता तरी मेलीच असती, कारण मरण जेवणातून येत होतं, गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध गुरं मेल्यावर मांसात राहायचं आणि गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००४ मध्ये हे औषध पकडलं गेलं तेव्हा लोक म्हणाले छे, एवढ्या थोड्या गुरांना दिलेल्या औषधाने एवढी गिधाडं कशी मरतील? त्याच वर्षी रिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी मॉडेल मांडलं. गिधाडं किती दिवसांनी जेवतात, एका मढ्यावर किती जमतात, वर्षाला किती घटतायत, हे सगळं जोडलं तर उत्तर आलं की १ टक्क्याहूनही कमी मढ्यांमध्ये विष असलं तरी एवढी घसरण होते. शेकड्यात एक सुद्धा नाही! हे पहाऱ्यातून कसं कळलं असतं? २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. म्हणजे मॉडेलने भविष्य नाही सांगितलं, संशयित खुनी एवढे खून एकट्याने करू शकतो की नाही एवढंच तपासलं.

---

पायपीट

हे गिधाडांचं मला माहीत नव्हतं असं नाही, पण १ टक्क्याचं माहीत नव्हतं. बरं. पण तिथे मढी तपासणारी माणसं उन्हात फिरलीच असतील ना.

---

घुबडराव

फिरलीच. तुमच्याशिवाय माझ्या आकड्यांना काय किंमत.

---

पिक्सेलपंत

पायपीट यांच्या "डेटा दोन वर्षांपूर्वीचा" वर आठवलं. कर्टलंड्स वॉर्बलर, मिशिगनमधला एवढासा पक्षी. तो जॅक पाइनच्या झाडाखाली जमिनीवर घरटं करतो, आणि झाडं साधारण ५ ते २० वर्षांची असतील तरच. खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या हव्यात. झाडं वाढली, खालच्या फांद्या वाळल्या, की सोडून जातो. म्हणजे याच्या अधिवासाच्या नकाशाला दुधाच्या पिशवीसारखी एक्स्पायरी डेट आहे. पूर्वी वणवे लागायचे, नवी झाडं उगवायची. वणवे विझवायला लागलो आणि पक्षी घटला. त्यात काउबर्ड त्याच्या घरट्यात अंडी घालायचे, आपल्या कोकिळेसारखं. १९७२ पासून काउबर्ड पकडायला लागले, घसरण थांबली पण वाढ काही होईना, १९७४ ला गाणारे नर १६७ आणि १९८७ लाही १६७. वाढ सुरू झाली ती १९८० च्या मोठ्या वणव्यानंतर उगवलेली झाडं योग्य वयाची झाल्यावर, आणि तोपर्यंत लोकही आलटून पालटून झाडं तोडून नवी लावत होते. २०१९ मध्ये तो संकटग्रस्त यादीतून बाहेर आला, तेव्हा जोड्या २,००० च्या वर होत्या.

तर चंडोल, एकच नकाशा काढू नका. दहा वर्षांपूर्वीचा काढा, आजचा काढा, आणि कुठलं गवत टिकलं ते बघा.

---

चंडोल_बोलतेय

बापरे, एका दिवसात एवढं. सगळ्यांचे आभार, मी वही घेऊन बसलेय. ४० चे ६० वालं गणित गाइडना व्हॉट्सअॅप केलं, "हम्म" एवढंच उत्तर आलंय, पण त्यांचा हम्म म्हणजे विचार करतायत.

दोन प्रश्न उरले. माझ्याकडे जगण्याचा आकडा नाही तो नाहीच, आणि शिष्यवृत्तीची दोनच वर्षं उरलीत, एवढ्यात टॅग लावून तो मिळणार नाही. मग मॉडेल करायचंच नाही का? आणि घुबडराव, तुम्ही म्हणता मॉडेल भविष्य सांगत नाही, पण माझ्या सिनॉप्सिसमध्ये (पीएचडीच्या आराखड्यात) "शंभर वर्षांत नामशेष होण्याची शक्यता" असं ठळक अक्षरात लिहिलंय हो.

---

घुबडराव

खोडून टाक. सिनॉप्सिस काय वेद नाहीत.

करायचं असं. एक आकडा घेऊ नकोस, पट्टा घे. प्रौढांचं जगणं ८२ ते ९५, घरट्याचं यश २० ते ६०, असं प्रत्येकाचं. त्या पट्ट्यांतून हजार वेळा आकडे उचल आणि प्रत्येक वेळी मॉडेल चालव. मग प्रश्न "कधी संपणार" असा न विचारता "काय केलं तर जास्त वाचतील" असा विचार. एकीकडे तारा जमिनीखाली घालणं, एकीकडे घरट्यांना राखण, एकीकडे आणखी गवत राखीव करणं. हजारपैकी नऊशे वेळा तारांचा पर्याय पुढे राहिला तर जगण्याचा नेमका आकडा माहीत नसूनही तू वनखात्यापुढे ताठ मानेने बोलू शकतेस. आणि पर्याय खालीवर होत राहिले तर कुठल्या आकड्यामुळे होतात ते बघ, पुढचा पैसा तो आकडा मोजायला मागायचा. जगण्याच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी, रिंग घातलेला पक्षी परत दिसला नाही म्हणजे मेला असं नाही, निघूनही गेला असेल. जुन्या रिंगिंगच्या पेपरांतला आकडा उचलताना हे बघून घे, नाहीतर तू निघून गेलेल्यांचेही तेराव्याचे लाडू खाशील.

आणि सरासरीवर थांबू नकोस. साठ पक्ष्यांचं मरण सरासरीने येत नाही, धक्क्यांनी येतं. हीथ हेन म्हणून एक पक्षी होता, अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेवटचे उरलेले. १९०८ मध्ये त्यांच्यासाठी राखीव जागा केली, वाढत वाढत २,००० च्या आसपास गेले. सगळे निर्धास्त. १९१६ ला विणीच्या हंगामातच आग लागली, पुढचा हिवाळा कडक, त्यात शिकारी ससाणे आले, मग पाळीव टर्कींचा रोग आला, उरलेल्यांत नरच जास्त. १९३२ नंतर एकही दिसला नाही. अधिवास होता, संख्या वाढत होती, सगळं एकाच बेटावर होतं एवढीच चूक. तुझे साठ-सत्तर किती तुकड्यांत आहेत? एकाच माळावर असतील तर व्हॉर्टेक्समध्ये आपत्तीचा रकाना रिकामा सोडू नकोस, तो बरेच जण रिकामा सोडतात आणि मग छान छान आलेख येतात.

नर-मादीचंही तसंच. डस्की सीसाइड स्पॅरो फ्लोरिडातला, १९८० पर्यंत उरलेले सगळे नर निघाले, शेवटचा १९८७ ला पिंजऱ्यात मेला. समज सहा पिल्लं झाली आणि सहाही नर, हे ६४ मध्ये एकदा होतं. हजार पक्ष्यांत त्याने काही बिघडत नाही, दहात बिघडतं.

---

पिक्सेलपंत

माझ्याकडून एक भर, नकाशा आणि मॉडेल वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये ठेवू नका. नकाशातले तुकडे काढा, प्रत्येक तुकड्यात किती माद्या मावतील ते बघा, दोन तुकड्यांत अंतर किती, मध्ये काय आहे. काही तुकडे असे निघतील जिथे पक्षी जातात, अंडी घालतात, आणि पिल्लू एकही जगत नाही. पुलियम यांनी १९८८ मध्ये अशा तुकड्यांना सिंक म्हटलं, आणि जिथे पिल्लं पुरून उरतात त्यांना सोर्स. सिंकमध्ये पक्षी दिसतोच, तुमच्या १४६ नोंदींमध्येही त्या असणार, आणि मॅक्सेंट त्यांना छान अधिवास म्हणून रंगवणार. त्यामुळे नोंद असली की तिथे घरटं होतं का, पिल्लू उडालं का, हे जिथे जिथे माहीत असेल तिथे वेगळ्या कॉलममध्ये लिहा.

स्पॉटेड घुबडाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं नाहीतर घुबडरावांचं कौतुक जास्त होईल :) १९९४ मध्ये जुन्या जंगलाची मोठी योजना झाली, तोड खूपच कमी झाली, तरी घुबडं घटत राहिली, कारण पूर्वेकडून बार्ड आउल नावाचं दांडगं घुबड आलं आणि त्याने जागा बळकावल्या. नकाशावर जंगल आहे तसंच.

---

घुबडराव

खरंय. दर पाच वर्षांनी मॉडेल नव्याने लावायचं असतं ते याचसाठी.

---

टिटवी

चंडोल, नकाशा थीसिसमध्ये छापणार का? शिकारी लोकपण पीडीएफ वाचतात, आणि फोटोवाले तर त्याहून आधी पोचतात.

---

चंडोल_बोलतेय

हो गं टिटवी, तेच डोक्यात होतं. मोठ्या चौकोनांचा ढोबळ नकाशा छापीन आणि बारीक फाइल फक्त खात्याकडे देईन असं ठरवलंय.

आज गाइडना भेटले. ८०० चा आकडा गेला! व्हॉर्टेक्स राहिलं, पण तीन पर्यायांची तुलना म्हणून, पट्टे घेऊन. ऑक्युपन्सीसाठी चाळीस चौकोनांना होकार मिळाला, पाच फेऱ्या. पंत, तुमचं ऐकून बॅकग्राउंड बदललं आणि रँडमऐवजी चौकोन पाडून टेस्ट केलं, एयूसी ०.९३ चा ०.७६ झाला, दोन मिनिटं पोटात गोळा आला. क्षेत्रफळ अर्ध्याहून कमी. भिंतीवरचा प्रिंट काढून मागच्या कोऱ्या बाजूला आता घुबडरावांची १०० माद्यांची बेरीज-वजाबाकी लिहिलीये.

एकच राहिलं, टेस्टिंगचे चौकोन केवढे घ्यायचे? मी अंदाजे १० किलोमीटर घेतलेत.

---

पिक्सेलपंत

पक्षी एका हंगामात जेवढा फिरतो त्याहून मोठे घ्या. टॅगचा डेटा नसेल तर कोणीतरी ओळखू येणारा पक्षी सकाळ-संध्याकाळ बघितलेला असेल त्याला विचारा.

---

पायपीट

एक नर होता, डाव्या पायाने लंगडायचा, त्यामुळे लांबूनही ओळखू यायचा. चार हंगाम त्याच्या मागे होतो, तारीख, वेळ, कुठे होता सगळं वहीत आहे. दहा किलोमीटर कमी पडतील ताई, तो एकदा पावसाआधी त्याच्या दुप्पट लांब दिसला होता. रविवारी पानांचे फोटो काढून पाठवतो, अक्षर जरा समजून घ्या.